केसपेपरवरची तिसरी ओळ

ऑपरेशन झालेल्या पेशंटचा केसपेपर अनेकदा असा दिसतो. पहिल्या ओळीत पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम, दुसरीत अमिकासिन, तिसरीत मेट्रोनिडाझोल. पहिले औषध थिएटरातूनच सुरू झालेले. दुसरे रात्री ताप चढला म्हणून ड्युटीवरच्या डॉक्टरने वाढवलेले. तिसरे ‘पोटाचं ऑपरेशन आहे, असू द्या’ म्हणून आलेले. त्यानंतर रोज सकाळी राउंडला तीनच अक्षरे पडतात: ‘सीएसटी’. म्हणजे, आहे तेच चालू ठेवा.

यातली तिसरी ओळ बहुतेक वेळा फुकटची असते. मेट्रोनिडाझोल ऑक्सिजनविना वाढणाऱ्या जंतूंना मारते, पण तेच काम पहिल्या ओळीतले औषध आधीच करत असते. मेरोपेनेम किंवा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेट चालू असले तरी हेच लागू. अमीबाचा आजार किंवा क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइलचे जुलाब असे मोजके अपवाद सोडले, तर हे दुहेरी कव्हर निरर्थक आहे. पेशंटच्या वाट्याला मात्र दिवसाला शंभर मिलीलिटरच्या तीन बाटल्या, मळमळ आणि तोंडात धातूची चव येते. दुसऱ्या ओळीतले अमिकासिन तर मूत्रपिंडाला आणि कानालाही इजा करू शकते.

हे एखाद्या वॉर्डापुरते नाही. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने नोव्हेंबर 2021 ते एप्रिल 2022 या काळात देशातल्या 20 मोठ्या रुग्णालयांतले 9,652 रुग्ण पाहिले. त्यातल्या 71.9 टक्के रुग्णांना अँटिबायोटिक चालू होते. निम्म्याहून अधिक औषधे संसर्ग झाला म्हणून नव्हे, तर होऊ नये म्हणून दिलेली होती. चार किंवा त्याहून जास्त अँटिबायोटिक्स एकदम चालू असलेलेही 4.6 टक्के निघाले.

सर्जनची भीती खोटी नाही. टाक्यांत पू झाला तर नातेवाईक त्यालाच जाब विचारतात. एक औषध जास्त दिले म्हणून कोणी भांडत नाही. पण पुरावा काय सांगतो? जखम चिघळू नये म्हणून द्यायचा डोस चीर देण्याआधी, साधारण तासाभरात गेला पाहिजे. ऑपरेशन संपल्यावर तो लांबवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्येच सांगितले. पहिल्या दोन दिवसांतला ताप पुष्कळदा शस्त्रक्रियेच्या इजेमुळेच येतो. आणि पोटात खरोखर संसर्ग असला तरी? 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टॉप-इट’ चाचणीत अशा 518 रुग्णांत संसर्गाचे मूळ नीट काढून टाकल्यावर साधारण चार दिवसांचा आणि आठ दिवसांचा कोर्स यांची तुलना झाली. गुंतागुंतीचे प्रमाण जवळजवळ सारखेच आले: 21.8 आणि 22.3 टक्के.

एकाहून अधिक औषधे कधीच नकोत, असा याचा अर्थ नव्हे. सेप्सिसमध्ये रक्तदाब कोसळलेल्या माणसाला सुरुवातीला भक्कम मारा लागतोच. प्रश्न तिसऱ्या दिवशीचा आहे. कल्चरचा (जंतुतपासणीचा) रिपोर्ट आला, ताप उतरला, पेशंट जेवू लागला. आता कोणती ओळ खोडायची?

हा प्रश्न विचारायला पंचतारांकित रुग्णालय लागत नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्यात, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर चिंचपाडा आहे. तिथले ख्रिश्चन हॉस्पिटल इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशनचे, जेमतेम पन्नासेक खाटांचे. पेशंट बहुतेक आसपासच्या आदिवासी पाड्यांतले. तिथे अँटिबायोटिक जपून वापरण्याचा कार्यक्रम चालतो, आणि तिथल्या फिजिशियन डॉ. आशिता सिंग या विषयावर बाहेरही बोलत आल्या आहेत. हातावर पोट असलेल्या घराला तिसऱ्या औषधाचे बिल आणि वाढलेले दोन दिवस परवडत नाहीत. त्यामुळे इथे काटकसर आणि चांगले वैद्यक एकाच बाजूला उभे असतात. आडवळणाच्या रुग्णालयाला जे जमते, ते पुण्या-मुंबईच्या रुग्णालयांना जड का जावे?

अँटिबायोटिक का देत आहोत, हे चिठ्ठीवर लिहा, असे केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी जानेवारी 2024 मध्ये डॉक्टरांना कळवले. ते पत्र केसपेपरवर उतरले पाहिजे. प्रत्येक अँटिबायोटिकसमोर तीन रकाने असावेत: कशासाठी, आज कितवा दिवस, कधी थांबवायचे. तिसऱ्या दिवशी हे रकाने पाहून पुन्हा सही झाल्याशिवाय सिस्टरने पुढची बाटली लावू नये. राज्याच्या आरोग्य विभागाला यासाठी नवे यंत्र घ्यावे लागणार नाही, छापील कागद बदलावा लागेल.

आणि खाटेशेजारी बसलेल्या नातेवाइकांनी औषध आपल्या मनाने बंद करू नये. पण सकाळच्या राउंडला एवढे जरूर विचारावे: ‘डॉक्टरसाहेब, ही तिसरी बाटली कशासाठी, आणि किती दिवस?’