गंज, रंग आणि जीर्णोद्धार

हिरवळ कापण्याचे जुने यंत्र 'अगदी नव्यासारखे' करून मिरवण्याची हौस आम्हांला समजते. पटत मात्र नाही. इंग्लंडमधील स्ट्राउडजवळ एडविन बडिंगने असे पहिले यंत्र घडवले. त्याचे पेटंट १८३० सालचे. कापडावरची लव छाटणाऱ्या गिरणीतील यंत्रावरून ही कल्पना त्याला सुचली. गिरणीची ही खूण फिरत्या पात्यांच्या रचनेत टिकून राहते. यंत्र ढकलणाऱ्या माळ्यांची खूण मात्र लाकडी मुठीच्या झिजेत असते. सँडब्लास्टिंग करून, मूठ बदलून नवा हिरवा रंग चढवला, की ती झीज, मूळ रंगाचे थर, कारखान्याची पुसट अक्षरे, सारे एका दुपारी नाहीसे होते. हस्तलिखितातील खाडाखोड पुसून टाकणाऱ्या संपादकाला आपण काय म्हणतो?

जॉन रस्किनने १८४९ मध्ये इमारतींच्या जीर्णोद्धाराला विध्वंसच ठरवले होते. त्याचे म्हणणे येथे जसेच्या तसे लागू करता येणार नाही. इमारत उभी असते, यंत्र चालायचे असते. बंद यंत्र म्हणजे न उघडलेली पोथी, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. पण दर वेळी धार लावताना पात्याचे थोडे लोखंड जातेच. तेव्हा गंज वाढू देऊ नये, तेल द्यावे, आणि एखादा स्क्रू बदललाच तर जुना डबीत जपून ठेवावा. एकाच नमुन्याची शेकडो यंत्रे उरली असतील, तर त्यांतले एखादे खुशाल रंगवावे. बडिंगच्या काळातील यंत्राला मात्र ब्रश लावू नये.