विश्लेषण : ‘शीशम’ म्हणून घेतलेले लाकूड शिसवीच असते का?

ऑनलाइन फर्निचरच्या जाहिरातींत ‘सॉलिड शीशम’ हे शब्द सर्रास दिसतात. ते वाचून मराठी ग्राहकाच्या डोळ्यांसमोर आजोळच्या वाड्यातला काळपट शिसवी पलंग उभा राहतो. प्रत्यक्षात उत्तरेत शीशम म्हणतात तो शिसू, म्हणजे डालबर्जिया सिसू. सह्याद्रीतला शिसव वेगळा, डालबर्जिया लॅटिफोलिया. दोन्ही टिकाऊ, दोन्ही एकमेकांचे भाऊबंद आणि इंग्रजीत दोन्ही ‘रोझवुड’ म्हणून विकले जातात. त्यामुळे विक्रेता खोटे बोलला असेही म्हणता येत नाही. शिसवीचे पैसे मोजून शिसू घरी आलेला असतो, इतकेच.

परदेशी लाकडात हा घोळ वाढतो. वखारीत ‘आफ्रिकन टीक’ म्हणून अनेकदा इरोको मिळते. ते सागाचे नातेवाईकही नाही. तुतीच्या कुळातले आहे. उलट घाना किंवा इक्वेडोरच्या लागवडीतून येतो तो खराखुरा सागच. म्हणून बिलावर लाकडाचे शास्त्रीय नाव लिहून घ्यावे. विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर तेवढ्यावरूनही बरेच कळते.

रंगावरून ओळखता येते का?

फारसे नाही. दक्षिण अमेरिकेतले पर्पलहार्ट ताजे कापले की मातकट दिसते आणि हवा-उजेड लागल्यावर जांभळे होते. आफ्रिकन पडौकचा भडक केशरी-लाल रंग काही काळाने तपकिरी पडतो. अबनूसच्या नावाखाली साधे लाकूड काळे रंगवूनही खपवले जाते. स्पिरिटमध्ये भिजवलेले पांढरे फडके घासल्यावर काळे झाले किंवा रंध्याच्या दोन हातांत आतला फिकटपणा उघडा पडला, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

मग पाहायचे काय?

फळीचे टोक. ग्राहक फळीची रुंद बाजू पाहतो, कारण नक्षी तिथे असते. पण ओळख आडव्या कापात असते. करवतीने कापलेल्या टोकावर काहीच दिसत नाही, तंतू चिरडलेले असतात. धारदार ब्लेडने नखाएवढी जागा स्वच्छ तासावी, थोडे पाणी लावावे आणि दहा पट मोठे दाखवणारे भिंग धरावे. ते नसेल तर मोबाइलचा मॅक्रो कॅमेराही चालतो. सागात दरवर्षीच्या वलयाच्या सुरुवातीला मोठी छिद्रे ओळीने बसलेली दिसतात. इरोकोत ती सर्वत्र विखुरलेली असतात आणि भोवती फिकट कडा असते. इरोकोत कधी कधी दगडासारखे कठीण पांढरे खडेही निघतात. करवतीचे दात बोथट झाल्यावर सुतारालाच ते आधी कळते. तासलेल्या सागाला चामड्यासारखा वास येतो, हाताला तेलकटपणा जाणवतो.

वजनाची मदत मर्यादित आहे. साग आणि इरोको दोन्ही घनफुटाला साधारण 18 किलो भरतात. मात्र रक्तचंदन आणि पडौक यांच्यात वजन चटकन निकाल देते. पडौक घनफुटाला सुमारे 21 किलो, तर रक्तचंदन 30 किलोच्या आसपास. रक्तचंदनाच्या गाभ्याचा तुकडा सहसा पाण्यात बुडतो.

कायद्याचा संबंध कुठे येतो?

रक्तचंदन 1995 पासून ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, तर 2017 पासून डालबर्जियाच्या जवळपास सर्व जाती. ब्राझीलचे रोझवुड 1992 पासून पहिल्या, सर्वात कडक परिशिष्टात आहे. त्यामुळे ‘जुना साठा आहे, कागदपत्रे नाहीत’ या सबबीवर स्वस्तात मिळणारी फळी घेऊ नये. नाव चुकले तर पैसे जातात. कागद नसले तर मालही जप्त होऊ शकतो.

शिसू आणि शिसव यांच्यातला फरक मात्र भिंगाखालीही नवख्याला चकवतो. शिसवीत जांभळट झाक आणि काळसर रेषा असतात, शिसू सोनेरी-तपकिरी; पण पॉलिशखाली दोन्ही सारखेच. मोठी खरेदी असेल तर डेहराडूनची वन संशोधन संस्था किंवा बेंगळुरूची काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था येथे नमुना तपासून घेता येतो. तुकडा बिनपॉलिशचा आणि गाभ्याचाच पाठवावा, सालीलगतचा पांढरा भाग नव्हे.