पोस्टर सगळ्यांसाठी, खिडकी वेगळी

मराठीतला ‘जाहिरात’ हा शब्द अरबी ‘जाहिर’वरून आला. जाहिर म्हणजे उघड, डोळ्यांना दिसणारं. उर्दूत या शब्दाची एक जोडी आहे, ‘जाहिर’ आणि ‘बातिन’. बातिन म्हणजे आतलं, झाकलेलं. दोन्ही भाषा शिकवत असल्यामुळे ही जोडी मला वर्गात वारंवार समजावून सांगावी लागते. तिचं उदाहरण म्हणून अमेरिकेतल्या जुन्या फिरत्या सर्कशी मला फार बोलक्या वाटतात. त्यांचं पोस्टर जाहिर होतं आणि तिकीट खिडकी बातिन.

तिथे १८२५च्या सुमारास सर्कस तंबूत आली आणि गावोगाव फिरू लागली. १८७२मध्ये बार्नमची सर्कस रेल्वेने फिरायला निघाली. एका मुक्कामाला बहुतेक एकच दिवस मिळायचा, सकाळी तंबू उभा आणि रात्री पुढचा प्रवास. एवढ्या थोड्या वेळात हजारो माणसं जमवायची तर जाहिरात आधीपासून हवी. म्हणून सर्कशीच्या कित्येक दिवस आधी जाहिरातवाल्यांचा खास रेल्वे डबा गावात पोचायचा. त्यात पोस्टरांचे गठ्ठे, खळीच्या बादल्या, लांब दांड्यांचे ब्रश आणि पोस्टर चिकटवणारी माणसं. सिनसिनाटीच्या स्ट्रोब्रिजसारख्या छापखान्यांत ही रंगीत चित्रं छापली जात. चित्र तेच राहायचं आणि त्याखाली त्या त्या गावाच्या तारखेची वेगळी पट्टी चिकटवायची.

भिंत फुकट मिळत नसे. शेतकऱ्याचं कोठार, दुकानाची काच, कुंपणाची फळी, जिथे पोस्टर लागेल तिथल्या मालकाला सर्कशीचे फुकट पास मिळत. पण अट असे, खेळाच्या दिवसापर्यंत पोस्टर जागेवर राहिलं पाहिजे. मागून तपासणारे येत. पोस्टर फाडलेलं किंवा झाकलेलं दिसलं तर पास बाद. या फुकट पासाला गमतीने ‘ॲनी ओकली’ म्हणत. ॲनी ओकली ही त्या काळातली मशहूर नेमबाज बाई, आणि पासाला पाडलेलं भोक तिच्या गोळीच्या भोकासारखं दिसायचं. वाटेत प्रतिस्पर्धी सर्कस असली तर ‘थांबा, खरी मोठी सर्कस अजून यायची आहे’ अशा अर्थाची पोस्टरं लागत. खेळाच्या दिवशी गावातून हत्ती, घोडे आणि बँडची मिरवणूक निघे. ती बघायला पैसे लागत नसत. तीही जाहिरातच होती.

इथवर सगळं सगळ्यांसाठी होतं. रस्त्यावरून जाणारा कोणीही पोस्टर बघू शकत होता. वाचता येत नसलं तरी वाघाचं चित्र कळतच होतं.

मग खिडकी यायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या सर्कशींचा नेहमीचा दर मोठ्यांना ५० सेंट आणि मुलांना २५ सेंट असा होता. दक्षिणेकडच्या शेतमजुराला दिवसभर राबून मिळणारी मजुरी याच्या फार पुढे नव्हती. तिकीट गाडीची खिडकी बऱ्याचदा मुद्दाम उंच ठेवलेली असायची. समोर ठेवलेले सुटे पैसे गिऱ्हाइकाला नीट दिसत नसत. मागून गर्दीचा रेटा आणि पुढून ‘चला, चला’चा तगादा, त्यामुळे कित्येक जण उरलेले पैसे तिथेच टाकून जात. हे सुटे पैसे तिकीट विकणाऱ्याची वरकमाई होती, आणि सर्कसवाल्यांच्या बोलीत तिला नावसुद्धा होतं. रिंगलिंग बंधूंनी असल्या लुबाडणुकीला आपल्या सर्कशीत थारा दिला नाही, तर बाकीच्या सर्कसवाल्यांनी त्यांची ‘संडे स्कूलची सर्कस’ म्हणून टिंगल केली. प्रामाणिकपणाची टिंगल व्हावी इतकी चोरी रुळलेली होती.

पण पैशांची चोरी ही खिडकीतली लहान गोष्ट. मोठी गोष्ट १९१४ची आहे. त्या वर्षी लुइझियाना राज्याने खास सर्कशी आणि तंबूतल्या खेळांसाठी कायदा केला. एकापेक्षा जास्त वंशांचे लोक जिथे बोलावले आहेत किंवा येणं अपेक्षित आहे, तिथे निदान दोन तिकीट खिडक्या हव्यात, दोन्हींवर वेगळे विक्रेते हवेत, आत जायची दारंही दोन हवीत. तंबूचा खेळ असेल तर दोन खिडक्यांमध्ये किमान २५ फुटांचं अंतर हवं.

२५ फूट म्हणजे साधारण एका वर्गखोलीची लांबी. कोणीतरी बसून हा आकडा ठरवला असेल, या विचाराने मी दर वेळी थबकते. त्याच कायद्यात दोन्हींना बोलावलेलं आहे हेही कबूल केलंय. म्हणजे काळ्या माणसाला पोस्टर दाखवायचं, मिरवणूक दाखवायची, त्याच्या पोराला हत्तीचं वेड लावायचं, त्याचे पैसे मोजून घ्यायचे, आणि मग त्याला वेगळ्या दारातून वेगळ्या बाकांवर बसवायचं. काळे वादक मिरवणुकीत चालत, बाजूच्या लहान तंबूत वाजवत. मुख्य तंबूतला बँड मात्र गोऱ्यांचा.

कोणी म्हणेल, सर्कसवाले बिचारे धंदेवाईक, कायदा पाळत होते. हे अर्धंच खरं आहे. वेगळ्या बाकांची रीत कायद्याच्या आधीपासून होती, कायद्याने तिला फक्त फूटपट्टी लावली. आणि जे सर्कसवाले दहा गावांचं वेळापत्रक मिनिटाला जुळवत होते, हत्ती रेल्वेत चढवत होते, त्यांना एक रांग करणं अवघड होतं असं मला वाटत नाही. त्यांना त्याची गरज वाटली नाही, कारण दोन्ही खिडक्यांवर गल्ला भरत होता. रिंगलिंग सर्कशीने १६ जुलै १९५६ला पिट्सबर्गमध्ये तंबूतला शेवटचा खेळ केला. करमणुकीच्या जागी वंशावरून वेगळं बसवायला देशभर मनाई करणारा कायदा १९६४मध्ये आला. त्यांचा तंबू आधी उतरला, इन्साफ नंतर आला.

आपल्याकडे विष्णुपंत छत्र्यांनी चियारिनी या इटालियन मालकाची सर्कस पाहिली आणि १८८०मध्ये पहिली भारतीय सर्कस उभी केली. तेव्हापासून सर्कस आपलीही आहे, आणि पोस्टर-खिडकीचा हा हिशेबही आपला आहे. आपल्या गावातही जीपवरचा भोंगा सगळ्या मोहल्ल्यांतून फिरायचा, शाळांमध्ये सवलतीची कुपनं वाटली जायची. कुपन प्रत्येक मुलाच्या हातात पडायचं, पण उरलेले पैसे प्रत्येक घरात नसायचे. तिथे कोणी जात विचारत नव्हतं, तरी वर्गातली काही मुलं ते कुपन वहीत जपून ठेवायची, कारण त्याचा दुसरा काही उपयोग नव्हता.

म्हणून ‘सर्वांचे स्वागत’ अशी पाटी वाचली की मी खुश व्हायची घाई करत नाही. ‘घर भाड्याने देणे आहे’ या जाहिरातीत आडनावाची अट छापलेली नसते, ती फोनवर कळते. ‘प्रवेश सुरू’च्या फलकावर हसरी मुलं असतात, फी ऑफिसात कळते. आपल्या स्वतःच्या संस्थांना, जलशांना, मुशायऱ्यांनाही हीच कसोटी लावली पाहिजे. पत्रिकेवर ‘सहकुटुंब’ छापायचं आणि बायकांची बसायची सोय खांबामागे करायची, हीसुद्धा वेगळी खिडकीच झाली. पुढचा कार्यक्रम ठरवताना पत्रिकेचा मजकूर पाच जणांनी तपासण्याऐवजी त्यातल्या दोघांनी दारात उभं राहावं. कोण आलं, कुठे बसलं आणि कोण दारातूनच परत गेलं, एवढं त्यांनी लिहून आणलं तरी पुरे.