खेळाडू, विद्यार्थी की कामगार?

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडू कामगार संघटना स्थापू पाहत आहेत, ही गोष्ट आपल्याकडील वाचकास प्रथमदर्शनी विनोदी वाटण्याचा संभव आहे. चेंडू खेळणाऱ्या विद्यार्थ्यास मालक कोण आणि वेतन कशाचे, असे कोणीही विचारील. परंतु तेथील हकीकत ध्यानी घेतली म्हणजे हसू मावळते.

नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंनी २०१४ साली हा दावा मांडला. राष्ट्रीय कामगार मंडळाने २०१५ मध्ये त्यात हात घालण्याचेच नाकारले. मार्च २०२४ मध्ये डार्टमथच्या बास्केटबॉल संघाने १३ विरुद्ध २ मतांनी संघटनेच्या बाजूने कौल दिला. पण वर्षअखेरीस तो अर्जही मागे घेण्यात आला. दावे असे फसले, तरी त्यामागील तर्क टिकला. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार तेथील विद्यापीठांस आपल्या खेळाडूंत वर्षाकाठी सुमारे दोन कोटी डॉलर थेट वाटता येतात. ज्या सामन्यांवर दूरचित्रवाणी अमाप पैसा ओतते, त्यांत घाम गाळणारास वाटा नाकारणे अधिक काळ शक्य नव्हते. मात्र पोहणे, कुस्ती यांसारख्या बिनमिळकतीच्या खेळांच्या वाट्यास मग काय उरणार, ही तेथील चिंताही खोटी नव्हे. महाविद्यालयात पैसा दिसू लागला, की शाळेच्या मैदानाचा बाजार होण्यास वेळ लागत नाही.

आपल्या महाविद्यालयांस खेळातून छदामही मिळत नाही. म्हणून वेतनाची मागणी येथे उसनी आणण्यात अर्थ नाही. परंतु वेतन नाही म्हणून हक्कही नाहीत काय? १९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीस धाडण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले. त्या औदार्यास आमचे शतशः वंदन असो. पण खेळाडूचे भवितव्य एका सज्जनाच्या घरावर अवलंबून असावे, ही व्यवस्था नव्हे. आपल्याच जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावून कांस्यपदक आणले, तेव्हा सारे नाशिक अभिमानाने फुलले. अशा पाड्यांवरून आजही मुले शहरात धावण्यास येतात. त्यांतील पदकापर्यंत न पोहोचणाऱ्यांची चौकशी कोण करतो?

आम्ही शाळेत शिकवीत असता एका सामन्यात एका मुलाचा गुडघा निखळला. ढाल शाळेच्या कपाटात गेली आणि उपचाराचे बिल मुलाच्या घरी! दहावी-बारावीचे वाढीव गुण आणि शासकीय नोकरीतील पाच टक्के आरक्षण ही यशस्वी खेळाडूंची बक्षिसे होत. जायबंदी झालेल्याच्या हाती त्यांतील काहीच लागत नाही.

तेव्हा प्रश्न वेतनाचा नसून आवाजाचा आहे. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियमाने राष्ट्रीय क्रीडासंस्थांत खेळाडूंची समिती असावी असे ठरविले आहे. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानेही महाविद्यालयीन विद्यार्थी परिषदेत क्रीडाक्षेत्राचा प्रतिनिधी ठेवला आहे. पण त्यास नेमावयाचे ते प्राचार्यांनी. ज्याच्याकडे गाऱ्हाणे न्यावयाचे, त्यानेच गाऱ्हाणे मांडणारा निवडावा, हा न्याय विचित्र आहे.

नाशिकच्या महाविद्यालयांनी कायदा बदलण्याची वाट पाहू नये. प्राचार्यांनी खेळाडूंस आपला प्रतिनिधी निवडू द्यावा आणि त्याचेच नाव नेमावे. त्यास कोणताही कायदा आडवा येत नाही. दुखापतीचा खर्च कोणी सोसावयाचा, स्पर्धेमुळे हुकलेली परीक्षा केव्हा घ्यावयाची आणि बाहेरगावच्या मुलांच्या निवास-भोजनाची तजवीज काय, या तीन गोष्टी हंगामापूर्वी त्याच्याशी बोलून लेखी ठरवाव्यात. शाळांनीही निदान पहिल्या गोष्टीचे अनुकरण करावे. हे आज झाले नाही, तर उद्या आपली मुलेही संघटनेचा झेंडा घेऊन फाटकाशी उभी राहतील. आणि त्या दिवशी त्यांना दोष देण्याचा अधिकार आपणांस उरणार नाही.