आपली सरासरी आपण कधी काढणार?

दोन वर्षांपूर्वी नगरच्या एका सभागृहात मुस्लिम समाजाच्या शिक्षणावर परिसंवाद होता. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण बोलताना माझ्या तोंडात अजून नगरच येते.) एका वक्त्याने ठासून सांगितले, ‘‘२००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या मुसलमानांची साक्षरता ७८.१ टक्के आहे आणि राज्याची ७६.९ टक्के. म्हणजे तुम्ही सरासरीच्या पुढे आहात. मग मागासलेपणाचे रडगाणे कशासाठी?’’ नंतरचे वक्ते चिडले. हे आकडे खोटे आहेत, सच्चर समितीचा अहवाल वाचा, असे ते म्हणाले. टाळ्या दोघांनाही मिळाल्या.

आकडे खोटे नव्हते. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात आधार घेतला तोही याच जनगणनेचा. मागच्या रांगेत माझे सात-आठ विद्यार्थी बसले होते. त्यातल्या काहींना सांख्यिकीत ऐंशीच्या पुढे गुण होते. कोणी उठून बोलले नाही. मीही बोलले नाही. जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी अठरा वर्षे तासिका तत्त्वावर व्यवसाय सांख्यिकी शिकवते, आणि तरीही त्या क्षणी या तुलनेत नेमके काय चुकते आहे ते मला सुचले नाही. घरी येईपर्यंत ही गोष्ट मनात टोचत राहिली.

उत्तर मला आठवड्याभराने एका विद्यार्थिनीमुळे सापडले. तिचे वडील बागवान, टोमॅटोचा व्यापार करतात. एका सकाळी त्यांनी ४०० रुपयांनी १० कॅरेट आणि ६०० रुपयांनी ४० कॅरेट घेतले. ‘सरासरी काय भावाने पडला?’ असे त्यांनी सहज विचारले. पोरीने लगेच सांगितले, ५००. वडील हसले. ‘‘क्या बेटा, कॉलेज में यही सिखाते क्या? पाचशे साठ पडा.’’ सातवीत शाळा सोडलेल्या माणसाने कागद न घेता उत्तर दिले होते. ५० कॅरेटचे २८,००० रुपये, म्हणजे कॅरेटला ५६०. पोरगी रडवेली होऊन माझ्याकडे आली. ‘‘मॅडम, भारित सरासरीचं गणित मी परीक्षेत बरोबर सोडवलं होतं. घरी समोर आलं तेव्हा ओळखूच आलं नाही.’’

तिला समजावतानाच मला सभेतला तो आकडा आठवला. दुसऱ्या दिवशी तो फळ्यावर मांडला.

२००१ मध्ये महाराष्ट्राच्या शहरी भागाची साक्षरता ८५.५ टक्के होती, ग्रामीण भागाची ७०.४ टक्के. राज्यातली सुमारे ४२ टक्के लोकसंख्या शहरात होती, म्हणून राज्याची सरासरी ७७ च्या आसपास आली. पण मुसलमानांचे सुमारे ७० टक्के लोक शहरात राहत होते. म्हणजे कॅरेटची संख्याच वेगळी. आता शहरातला मुसलमान शहरातल्या इतरांइतका आणि खेड्यातला खेड्यातल्या इतरांइतकाच शिकलेला आहे असे धरले, तर त्यांची साक्षरता किती यायला हवी? ८५.५ चे ७० टक्के आणि ७०.४ चे ३० टक्के यांची बेरीज केली की ८१ येते. प्रत्यक्षात आहे ७८.१. वरवर पाहिले तर आपण एक टक्क्याने पुढे. वस्तीचे वजन लावले तर जवळपास तीन टक्क्यांनी मागे.

हा हिशेब प्रथम वर्ष बी.कॉम.च्या पुस्तकाबाहेरचा नाही. त्या सभागृहात तो करता येणारे निदान आठ जण हजर होते. तरीही दोन्ही बाजूंनी मुठी आपटल्या गेल्या आणि हिशेब कोणीच केला नाही. हे का झाले, याचे उत्तर आपल्या अभ्यासक्रमात आहे आणि आपल्या समाजातही आहे. आधी अभ्यासक्रमाकडे पाहू.

नगर, पुणे आणि नाशिक जिल्ह्यांतली महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत. विद्यापीठाच्या २०१९ च्या रचनेत प्रथम वर्ष बी.कॉम.ला एका पेपरसाठी दोन पर्याय दिलेले होते. एक, व्यवसाय गणित व सांख्यिकी. दुसरा, संगणक संकल्पना व उपयोजन. यांतला एकच घ्यायचा. म्हणजे ज्याला आकडा समजतो त्याने संगणक घ्यायचा नाही, आणि ज्याच्या हाती संगणक आहे त्याने आकड्याच्या वाटेला जायचे नाही! व्यवहारात या दोन गोष्टी कुठेही वेगळ्या नसतात. बँकेत नसतात, साखर कारखान्यात नसतात, तहसील कचेरीतही नसतात. आता नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पेपरांची नावे आणि श्रेयांकांची मांडणी बदलते आहे, पण शिकवण्याची रीत बदललेली मला दिसत नाही.

बीबीए (सीए) आणि बीसीएच्या मुलांना सांख्यिकी, डेटाबेस, माहिती व्यवस्थापन प्रणाली असे सगळे विषय असतात. परंतु प्रश्न येतो तो असा: ‘डेटा आणि माहिती यांतील फरक स्पष्ट करा.’ पाच गुण. मुले पाच मुद्दे पाठ करतात आणि गुण मिळवतात. त्याच वर्गातल्या मुलाला मी विचारले, ‘‘तुमच्या गल्लीत दहावीनंतर शाळा सोडलेल्या मुली किती? हे शोधायचं तर कोणाला काय विचारशील, कुठे लिहून ठेवशील?’’ तो गोंधळला. ‘‘हे सिलॅबसमध्ये आहे का मॅडम?’’

या विषयांना आपल्या जिल्ह्यात काय कमी सामग्री आहे? लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० मध्ये त्याचे गाळप सुरू झाले. त्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ होते. पुण्याच्या गोखले संस्थेत बसून त्यांनी वाई तालुक्यातल्या शेतीची आणि पुणे शहरातल्या कुटुंबांची घरोघर पाहणी करवून घेतली होती. आकडे गोळा करणे आणि त्या आकड्यांवर संस्था चालवणे ही दोन्ही कामे एकच माणूस करत होता. आमच्या वाणिज्य शाखेच्या मुलांना हे नाव सहकाराच्या पेपरात भेटते. सांख्यिकीच्या पेपरात कधीच भेटत नाही.

उसाचेच घ्या. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये एफआरपी ठरवली आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.३२ रुपये. म्हणजे उताऱ्यात एक टक्क्याचा फरक पडला की टनामागे ३३२ रुपयांचा फरक. पन्नास टन ऊस घालणाऱ्याला तो १६,६०० रुपये होतो. आणि उतारा म्हणजे काय? हंगामभराची सरासरी. बाजार समितीचे दरपत्रक पाहा. त्यात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. हा सर्वसाधारण दर म्हणजे पुस्तकातला बहुलक. मुलांनी बहुलकाचे सूत्र घोटलेले असते, पण कांद्याच्या पट्टीवरून तो भाव कसा ठरतो हे त्यांना कोणी दाखवलेले नसते. सरासरी, नमुना, हिशेब, दफ्तर हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि शेतकऱ्याच्या तोंडी रुळले. विषय परका नाही. आपण तो परक्यासारखा शिकवतो.

यात मुस्लिम समाजाचे म्हणून वेगळे काय पणाला लागले आहे, असे कोणी विचारील. एक जुनी घटना सांगते. सप्टेंबर २००४ मध्ये जनगणना कार्यालयाने धर्मवार आकडे प्रसिद्ध केले. १९९१ ते २००१ या दहा वर्षांत मुस्लिम लोकसंख्या ३६ टक्क्यांनी वाढली, असे त्यातून दिसत होते. देशभर गदारोळ झाला. कारण साधे होते. १९९१ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये जनगणना झालीच नव्हती, २००१ मध्ये झाली. एका बाजूला काश्मीर धरले, दुसऱ्या बाजूला धरले नाही. दुरुस्ती केल्यावर आकडा सुमारे २९ टक्क्यांवर आला, आणि पुढच्या दशकात तो २४.६ टक्के झाला. पण ते छत्तीस अजून मोबाइलवर फिरतात. आपली मुले चिडून उत्तर देतात किंवा गप्प बसतात. ‘१९९१ च्या बेरजेत काश्मीर आहे का?’ एवढा एक प्रश्न विचारायला त्यांना कोणी शिकवले नाही. अशा प्रश्नाने प्रत्येक माथे शांत होईल असे मी म्हणत नाही. पण गल्लीतल्या चार शेजाऱ्यांत बोलणे तरी सुरू राहते.

आता आपल्याकडे वळू, कारण सगळा दोष विद्यापीठाचा नाही. २०२५ मध्ये वक्फ मालमत्तांची नोंद केंद्राच्या ‘उमीद’ पोर्टलवर सहा महिन्यांत करायची होती. त्या कायद्याबद्दल मतभेद आहेत आणि ते असू द्यावेत. पण मुदत जवळ आली तेव्हा मी काय पाहिले? एका मशिदीचे विश्वस्त जुन्या उताऱ्यांची पिशवी घेऊन सायबर कॅफेच्या दारात उभे. क्षेत्र किती, गट नंबर कोणता, भाडेकरू किती, कशाचीच एकत्र नोंद नाही. त्यांच्याच मोहल्ल्यात माहिती प्रणालीचा पेपर उत्तीर्ण झालेल्या तीन मुली घरात बसून होत्या. त्यांना बोलवावे असे कोणाच्या मनात आले नाही. शिष्यवृत्तीचे तेच. किती मुलांचे अर्ज गेले, किती परत आले, कशामुळे आले, याची वही कोणत्याही जमातीकडे मला मिळाली नाही. आपण सरकारकडे आकडे मागतो आणि स्वतः एकही ठेवत नाही.

काही आक्षेप मी नेहमी ऐकते. ‘आमची मुले गणितात कच्ची.’ कॅरेटचा हिशेब तोंडी करणाऱ्या बापाच्या मुलीला गणितात कच्ची म्हणणे मला पटत नाही. कच्चे असते ते इंग्रजी, आणि इंग्रजीतले पुस्तक पाठ करण्यात बुद्धी खर्च होते. ‘मुलींना याचा काय उपयोग?’ घराचा खर्च, बचत गटाचे व्याज, दवाखान्याचे बिल यांचा हिशेब अखेर त्यांनाच करावा लागतो. आणि नवा आक्षेप, ‘आता सगळे संगणकच करतो, एआय करते.’ एक्सेलमध्ये ४०० आणि ६०० लिहून सरासरी मागा. तो निमूटपणे ५०० सांगतो. कॅरेट किती होते, हे विचारायला माणूसच लागतो.

मग करायचे काय? विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडे माझ्या तीन मागण्या आहेत. सांख्यिकी आणि संगणक यांच्यात निवड करायला लावू नका, दोन्ही एकाच पेपरात एकत्र शिकवा. चांगले मराठी पाठ्यसाहित्य तयार करा. आणि निदान वीस गुण असे ठेवा की विद्यार्थ्याने आपल्याच तालुक्यातले खरे आकडे गोळा करावेत, संगणकावर मांडावेत आणि त्यांतून काय म्हणता येते, काय म्हणता येत नाही हे लिहावे. शिवाय हे शिकवायला पूर्णवेळ प्राध्यापक नेमा. वर्षातल्या काही महिन्यांपुरत्या येणाऱ्या माणसाकडून घरोघर पाहणी करून घेता येत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

समाजाकडे एकच मागणी आहे. प्रत्येक मोहल्ल्यात दोन विद्यार्थ्यांना, त्यात एक मुलगी असावी, एक नोंदवही सोपवा. शाळेत किती मुले, गळती कोणत्या इयत्तेत, शिष्यवृत्तीचे किती अर्ज, त्यांचे पुढे काय झाले. नावे बाहेर जाता कामा नयेत, फक्त बेरजा बाहेर याव्यात. कोणाची माहिती कोणाच्या हाती द्यायची नाही, हाही माहिती प्रणालीचा धडाच आहे.

घाई करण्याचे कारण आहे. शेवटची जनगणना २०११ ची. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. ती डिजिटल असेल, लोकांना आपली माहिती स्वतः भरता येईल आणि जातीचीही नोंद होईल. बागवान, तांबोळी, पिंजारी, मण्यार घरांनी तिथे काय लिहिले यावर पुढच्या कित्येक वर्षांच्या योजना आणि वाद उभे राहतील. तो तक्ता आला की पुन्हा एखाद्या सभागृहात परिसंवाद होईल. पुन्हा एक जण पुढे असल्याचे सांगेल, दुसरा खोटे म्हणेल.

त्या बागवानाच्या मुलीला मी आता पदव्युत्तर वर्गाला अर्ज करायला लावले आहे. वडिलांची वही ती दर रविवारी संगणकावर चढवते, आणि चुकले की वडील अजून हसतात. पुढच्या परिसंवादाला मी तिला पहिल्या रांगेत बसवणार आहे. आयोजकांना माझी एवढीच विनंती, व्यासपीठावर हारतुऱ्यांच्या शेजारी एक फळा आणि खडू ठेवा.