खाडीच्या तोंडाशी पहारा बसवा

खाडीत मासे मेले की पंचनामा होतो. पण केव्हा? पहाटे होडी काढायला गेलेल्या कुणाला तरी उलटे तरंगणारे मासे दिसतात, तो फोन करतो, फोनावर फोन जातात, आणि साहेब पोचेपर्यंत एक ओहोटी होऊन गेलेली असते. बाटलीत भरलं जातं ते पाणीच वेगळं. ज्याने मासे मारले ते पाणी केव्हाच दर्यात गेलेलं असतं. पुढे अहवाल येतो : सर्व घटक मर्यादेत. दाभोळ खाडीकाठचे मच्छीमार वर्षानुवर्षं रासायनिक सांडपाण्याबद्दल ओरडत आले आहेत, आणि दर वेळी त्यांनाच विचारलं जातं, पुरावा काय?

बंधूंनो, भगिनींनो, तो पुरावा पाण्यातच उभा करता येतो. त्याचं नाव बोया.

जाळ्याला बांधतो तो नव्हे. हा माणसापेक्षा उंच, तळाला साखळीने नांगरलेला, वर सौर पट्ट्या आणि नोंदी पाठवणारं यंत्र, पोटाशी संवेदक. पाण्याची वीज वाहून नेण्याची क्षमता मोजून तो खारटपणा सांगतो. प्रकाश किती विखुरतो त्यावरून गढूळपणा. निळा प्रकाश टाकला की शेवाळातलं हरितद्रव्य तांबूस चमकतं, त्यावरून शेवाळ किती माजलंय ते. आणि सर्वांत मोलाचं, पाण्यात विरघळलेला प्राणवायू. कालवं-तिसऱ्या जिथे वाढवायच्या त्या पाण्यात तो लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम हवा, आंघोळीच्या किनाऱ्यावर ४, असं आपल्याच सरकारचं मानक आहे. दर दहा मिनिटांनी एक नोंद धरली तरी दिवसाला १४४ नोंदी होतात, प्रत्येक वेळेसकट. महिन्याकाठी भरलेली एक बाटली याच्यापुढे काय सांगणार? त्यातून शेवाळ रात्रभर प्राणवायू खातं, म्हणून पाण्यातला प्राणवायू बहुधा पहाटे तळ गाठतो. कचेरीच्या वेळात घेतलेल्या नमुन्याला ही पहाट कधी दिसतच नाही.

बोया सर्वज्ञ नाही, हेही सांगून टाकतो. मैल्यातले जंतू मोजायला प्रयोगशाळाच लागते. जैविक प्राणवायूच्या मागणीची चाचणी २७ अंशांवर तीन दिवस चालते, ती समुद्रात होत नाही. पण नमुना कधी आणि कुठे घ्यायचा, हे बोया अचूक सांगतो. निम्मी लढाई तिथेच आहे.

हे स्वप्नरंजन नव्हे. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ने, म्हणजे महासागर माहिती सेवा केंद्राने, कोची आणि विशाखापट्टणमच्या किनाऱ्याजवळ असे बोये सोडले आहेत. तिकडे अमेरिकेत ओरेगनच्या नेटार्ट्स उपसागरावर कालवांची पिल्लं पैदा करणारं एक केंद्र आहे. २००७ च्या सुमारास तिथली पिल्लं लाखोंनी मरू लागली. रोग म्हणून जंतू शोधून झाले. दोषी निघालं खोल समुद्रातून वर येणारं, आम्लता वाढलेलं पाणी. मग त्यांनी यंत्रं लावली, पाण्यावर नजर ठेवली, वाईट पाणी असेल तेव्हा त्यात सोडा मिसळला, चांगलं असेल त्या वेळी पाणी ओढलं. धंदा वाचला. त्यांचं कालव जगलं, मग आपलं का नाही जगणार?

सांडपाण्याच्या नळाच्या तोंडाशी मीटर असतो, असं कुणी म्हणेल. असतो. अतिप्रदूषक अशा १७ प्रकारच्या उद्योगांना २०१४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो सक्तीचा केला. पण तो मीटर कारखान्याच्या कुंपणात, कारखान्याच्या हातात. रात्री टँकरमधून ओतलेलं, नाल्यातून गुपचूप सोडलेलं त्याला दिसत नाही. खाडीच्या तोंडाशी उभा असलेला बोया कुणाचा नोकर नसतो.

७ ऑगस्ट २०१० आठवा. मुंबई बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर झाली, शेकडो टन तेल समुद्रात सांडलं आणि मासळीबाजारात गिऱ्हाईक फिरकेना. तेल कुठे पोचलं आणि कुठे नाही, हे क्षणोक्षणी सांगणारं काही असतं तर स्वच्छ पाण्यातल्या मासळीलाही तीच शिक्षा भोगावी लागली असती का? तेलाचा अंश ओळखणारे संवेदक आज बोयावर बसवता येतात.

आता कटू बोलतो. देशाच्या समुद्रात सोडलेल्या बोयांची नासधूस होते. कुणी होडी बांधतं, कुणाचं जाळं अडकतं, कुणी सौर पट्टी काढून नेतं. बोयाभोवती मासा जमतो म्हणून तिकडे गर्दी होते, हे खरं. पण आपलाच साक्षीदार आपणच बुडवला तर न्यायाधीशापुढे उभं कुणाला करणार?

तेव्हा उठा! मच्छीमार सोसायट्यांनो, ग्रामसभेत ठराव करा : आमच्या खाडीच्या तोंडाशी बोया हवा, खर्च प्रदूषण करणाऱ्यांकडून वसूल व्हावा, प्रत्येक नोंद त्याच दिवशी सर्वांना खुली असावी. मासळी कुठे मिळेल याची सूचना ‘इन्कॉइस’कडून मराठीत येतेच, पाणी कसं आहे हेही त्याच वाटेने येऊ द्या. नाखवा-तांडेलांनो, बोयाची राखण अंगावर घ्या. संवेदकांवर शेवाळ आणि शिंपले चढतात, ते वेळच्या वेळी खरवडायला माणसं लागतात. ते काम गावातल्या पोरांना मिळावं म्हणून भांडा. कोकणातल्या महाविद्यालयांनो, या आकड्यांचे आलेख तुमच्या मुलांनी काढून दर महिन्याला चावडीवर लावावेत. आणि मुंबई-पुण्याच्या वाचकांनो, पापलेट तुमच्याही ताटात येतं. तुमचं पत्रही आमदाराच्या टेबलावर पडू द्या.

येत्या पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. विषयपत्रिकेत नसेल, तर अध्यक्षांना लेखी देऊन घालायला लावा.