प्रयोगवहीतील पाच मिनिटे

पिष्टाच्या पातळ द्रावणात लाळ मिसळावी, दर मिनिटाला त्यातला एक थेंब आयोडीनच्या थेंबात सोडावा, आणि निळा रंग येईनासा झाला की वेळ टिपून ठेवावी. लाळेतील अमायलेज हे विकर पिष्टाचे विघटन करते, हे दाखविणारा हा प्रयोग तुमच्यापैकी बहुतेकांनी केला असेल. प्रयोग चांगला आहे. तक्रार आहे ती वहीबद्दल. चाळीस विद्यार्थ्यांच्या चाळीस वह्यांत पाचच मिनिटे कशी येतात? गाइडात तेवढीच छापलेली असतात म्हणून!

विकराच्या कामाचा वेग तापमानावर, सामूवर आणि विकर किती आहे यावर अवलंबून असतो. डिसेंबरातल्या सकाळी एक नळी नुसती टेबलावर ठेवली आणि दुसरी ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात, तर वेळेत फरक पडणारच. शिवाय लाळ तरी सर्वांची कुठे सारखी असते? लाळेतील अमायलेजच्या जनुकाच्या प्रती कोणाजवळ दोन, तर कोणाजवळ दहाहून अधिक असतात; आणि साधारणपणे प्रती जास्त तर अमायलेजही जास्त, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. तेव्हा एकाला चार मिनिटे आणि शेजाऱ्याला अकरा मिनिटे लागली, तर कोणी चुकलेच असे म्हणता येत नाही.

मोठ्या प्रयोगशाळाही या अडचणीतून सुटलेल्या नव्हत्या. अन्नाचे पचन अभ्यासण्यासाठी संशोधक काचपात्रातच जठर आणि आतडे ‘उभे’ करतात. पण पेप्सिन किती घालायचे, आम्ल किती, वेळ किती, हे जो तो आपल्या पद्धतीने ठरवी. मग एकाचे निष्कर्ष दुसऱ्याशी ताडून पाहायचे कसे? २०१४ साली इन्फोजेस्ट या आंतरराष्ट्रीय गटाने सर्वांसाठी एक कृती प्रसिद्ध केली. तोंडाचा टप्पा २ मिनिटांचा, जठराचा २ तासांचा, लहान आतड्याचा २ तासांचा. तापमान सर्वत्र ३७ अंश. जठराच्या टप्प्यात सामू ३ आणि दर मिलिलिटरमागे पेप्सिनची २००० एकके. ही एकके म्हणजे वजन नव्हे, हे ध्यानात घ्या. विकर मोजायचे ते त्याच्या कामावरून. बाटलीतील पूड जुनी झाली तरी तराजूत ती तेवढीच भरते, पण काम कमी करते.

शिक्षकांनी म्हणूनच गुण द्यावेत ते स्वतः पाहून लिहिलेल्या वेळेला, आणि शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या नळीला. या नळीत उकळून गार केलेली लाळ असावी. तिच्यात निळा रंग टिकला नाही, तर पहिल्या नळीवरून काहीच सिद्ध होत नाही. मग सर्वांच्या वेळा फळ्यावर लिहाव्यात. ज्यांची वेळ सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आली, त्या दोघांनी आपापल्या उरलेल्या लाळेने, एकाच भांड्यातील कोमट पाण्यात नळ्या ठेवून प्रयोग पुन्हा करावा. फरक नाहीसा झाला, तर तो लाळेचा नव्हता, हाताळणीचा होता. टिकला, तर वर्गाला आणखी एका तासिकेचे काम मिळाले.